येऊ द्या, येऊ द्या

गाडी रिव्हर्समध्ये टाकली की माणूस उगवतो. कुठून, ते सांगता येत नाही. क्षणापूर्वी गल्ली रिकामी असते. भिंतीला टेकलेली एखादी सायकल, सावलीत पसरलेलं एखादं कुत्रं, बस्स. मागचा पांढरा दिवा लागतो आणि पानटपरीच्या आडून, जिन्याखालून, किंवा सरळ हवेतूनच म्हणा, एक गृहस्थ अवतरतात आणि हात हलवू लागतात. ‘येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या…’ त्यांचा-आपला परिचय नसतो. पुष्कळदा त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नसते, पण त्यांच्या अधिकाराला त्यानं काही उणेपणा येत नाही. पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोराला घरातली मोठी माणसं ज्या मायेनं, ज्या उतावीळपणानं पुढे बोलावतात, तशी त्यांची चार बोटं हवेत आत-बाहेर होत राहतात. ‘बास’ मात्र नेहमी किंचित उशिरा येतो. गाडी अजून वीतभर येऊ शकते, यावर त्यांचा आपल्यापेक्षा जास्त विश्वास असतो.

हे गृहस्थ उभे राहतात नेमके गाडीच्या मागे, जिथे ते कुठल्याच आरशात दिसत नाहीत. वास्तविक वाट दाखवणाऱ्यानं बाजूला, चालकाच्या आरशात दिसेल असं उभं राहावं, आणि तो आरशातून नाहीसा झाला की चालकानं मुकाट्यानं ब्रेक दाबावा, असा साधा दंडक आहे. पण गाडीमागे कुणी येऊ नये याची खात्री करायची तर आपणच तिथं उभं राहावं, असा त्यांचा विचार असावा. हल्ली मागे कॅमेरा असतो. पडद्यावर पिवळ्या-लाल रेषा उमटतात, भिंत जवळ येऊ लागली की टुकटुक वाढत जाते आणि शेवटी एकच अखंड सूर लागतो. तरी मी काच खाली करते. त्या टुकटुकीला भिंत कळते, पण ‘ताई, डावीकडं गटाराचं झाकण नाहीये बरं का’ हे तिला सांगता येत नाही. गाडी लागली की गृहस्थ डिकीवर दोन थापा मारतात आणि आभार मानून घ्यायलाही न थांबता जिथून आले तिथं विरून जातात.

गाडी लावणं हा पुण्यात खरं तर खगोलशास्त्राचा विषय आहे. रस्त्याच्या एका बाजूला पी-१ची पाटी, दुसऱ्या बाजूला पी-२ची. विषम तारखेला इकडे, सम तारखेला तिकडे. त्यामुळे इथल्या गाड्या रोज रस्ता ओलांडतात, माणसांपेक्षा नियमानं. मात्र महिना ३१ दिवसांचा असला, की ३१ विषम आणि लगेच येणारी १ तारीखही विषम. वर्षातल्या अशा सात रात्री विषम बाजूच्या गाड्यांना जागचं हलावं लागत नाही, आणि लीप वर्षात फेब्रुवारी आणखी एक रात्र पदरात टाकतो. हा हिशेब मला माझ्या सासऱ्यांनी, नानांनी शिकवला. ३१ तारखेच्या संध्याकाळी गच्चीतून गाडीकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जोडून सुट्टी मिळालेल्या कारकुनाचं समाधान असतं.

नानांनी आयुष्यभर फियाट चालवली. पुढे तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तरी त्यांच्या तोंडी ती फियाटच राहिली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाई आणि ब्रेक धरेनासे होत. मग गाडी हळूहळू चालवत, पॅडलवर पाय हलकासा टेकवून ते वाळवावे लागत. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी नाना वर्तमानपत्र घेऊन पुष्कळ वेळ बसून होते. मी चहा ठेवला तेव्हा म्हणाले, ‘हँडब्रेक मात्र तिचा कधीच धड नव्हता हो.’ आठवण काढावी तर अशी. जिच्यावर जीव लावला, तिच्या खोडीसकट.

त्या खोडीमुळेच नानांचा कुठल्याही गाडीच्या हँडब्रेकवर विश्वास नाही. त्यांचा विश्वास दगडावर आहे. आमच्या डिकीच्या कोपऱ्यात एक काळा, तिकोनी दगड कायमचा वस्तीला असतो. एका अंगानं उतरता, त्यामुळे चाकाखाली नेमका बसतो. नानांनी तो पारखून आणला आहे. गाडी उतारावर थांबली, की मी हँडब्रेक ओढते, गाडी गिअरमध्ये ठेवते (तोंड चढाकडे असेल तर पहिल्यात, उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये) आणि सुटलीच तर कठड्याला अडावी म्हणून पुढची चाकं वळवून ठेवते. पुस्तकात सांगितलेलं सगळं करून मी उतरते तेव्हा नाना वाकून चाकाला दगड लावत असतात. भाच्याच्या नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी एक बटण आहे. बोटाच्या टोकानं ते उचललं की कुठंतरी आत मोटर कुरकुरते आणि चाकं जखडतात. नानांनी ते कौतुकानं पाहिलं, दोनदा लावून-सोडून दाखवायला सांगितलं, आणि मग आपल्या गाडीतला दगड आणून त्याच्या चाकाला लावला.

मी यावर पुष्कळ हसले आहे. पण पावसाळ्याच्या तोंडी गॅरेजमधला मिस्त्री काय म्हणाला? गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवूच नका. दमट हवेत मागचे लायनर ड्रमला गंजून चिकटतात आणि मग चाक फिरत नाही. ‘सपाटीला उभी करा, गिअरमध्ये ठेवा,’ तो म्हणाला, ‘आणि चाकाला दगड लावा.’ नाना शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. फक्त चष्मा काढून पुसला.

डोळ्यांनी साथ सोडल्यावर नानांनी गाडी सोडली, म्हणजे जागा बदलली. आता ते डावीकडे बसतात आणि तिथूनच चालवतात. डाव्या सीटपुढे ब्रेक नसतो हे मोटार बनवणाऱ्यांचं अज्ञान आहे. त्या जागेवर आजवर जितका ब्रेक दाबला गेला असेल तितका उजवीकडेही नसेल. नाना तोंडानं एक अक्षर काढत नाहीत. समोर ट्रकचे लाल दिवे लागले की त्यांचा उजवा पाय शांतपणे मॅटवर दाबला जातो. तिथलं रबर एवढ्यापुरतं झिजलं आहे. विज्ञान त्यांच्या बाजूनं आहे, हेही मान्य करायला हवं. ताशी ७२ किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर पुढे सरकते, आणि चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत सेकंदभर तर सहज जातो. वेग दुप्पट केला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. नानांचा पाय माझ्या पायाच्या जरासा आधी जातो. आता इतक्या वर्षांत मला तो डोळ्यांच्या कडेनं दिसतो, आणि खरं सांगायचं तर मी रस्ता बघून ब्रेक लावते की तो पाय बघून, याचा मलाच उलगडा होत नाही.

सगळी कसोटी घाटात. आमचं गाव संगमेश्वराकडे, त्यामुळे पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूण गाठायचं. ‘ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर,’ हा नानांचा घाटातला एकमेव मंत्र. सामानासकट बाराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली आणायची म्हणजे तेवढी सगळी शक्ती कुठंतरी जिरवावी लागते, आणि ब्रेक ती उष्णतेतच जिरवतात. हिशेब केला तर त्या उष्णतेत वीस लिटर पाणी उकळेल. एवढा जाळ चार चाकांच्या ब्रेकांनी एकट्यानं सोसायचा तर ते तापून निसटू लागतात, ब्रेकमधलं तेल फार तापलं तर त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल पोकळ लागतं. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. तरी पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, आणि काही धाडसी तर इंजिन बंद करून, घाट उतरतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते, दोन-तीनदा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड. वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब करायला माणूस खाली पोचला पाहिजे. जुन्या खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा तो धनगर, अशी कथा सांगतात, आणि चालक चालत्या गाडीतून तिथं नाणं टाकतात. नाना म्हणतात, नाणं टाकायला हरकत नाही, फक्त त्यासाठी स्टिअरिंग सोडू नये.

चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हेही त्यांचंच, आणि कायद्याच्या पुस्तकातही आहे. अरुंद वळणावर समोरून चढण ओढत येणारी एसटी दिसली की आम्ही कडेला थांबतो. ड्रायव्हर जाता जाता हात उचलतो. तो हात मला आहे असं मला वाटतं, नानांना आहे असं नानांना.

एका मे महिन्यात कुंभार्ली उतरताना नानांचा पाय अजिबात हलला नाही. एकाही वळणावर नाही, एकाही ट्रकला नाही. मी मनातल्या मनात फुलून गेले. आज आपण खऱ्या चालक झालो. खाली शिरगावाशी येऊन अभिमानानं डावीकडे पाहिलं, तर नाना झोपले होते. मला आधी राग आला. मग वाटलं, चाळीस वर्षं स्वतःच्याच पायावर भरवसा ठेवलेला माणूस माझ्या हाती घाट सोपवून झोपतो, म्हणजे काय दिलं यांनी मला. उरलेला रस्ता मी फार हळू आणला, खड्डे चुकवत.

परतीच्या प्रवासाचा कारभार मात्र सासूबाईंचा. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं: जड सामान खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून, सीटच्या उंचीवर काही रचू नये, सुटं काही ठेवू नये. सासूबाईंनी ते वाचलेलं नाही. त्यांचा सिद्धांत एवढाच, की रिकामी जागा म्हणजे माहेरचा अपमान. आंब्याच्या पेट्या, तांदळाचं पोतं, कुळथाचं पीठ, आमसुलांची बरणी, आणि या सगळ्यांच्या फटीत कैऱ्या. गंमत अशी, की फट म्हणून उरत नसल्यामुळे वळणावर त्यांचं सामान तसूभर हलत नाही. नारळ मात्र सासूबाई पोत्यात घालून तोंड शिवतात. सुटा नारळ घाटात सीटखालून पुढे घरंगळत येतो आणि ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसतो, हे त्यांनी फियाटच्या जमान्यात पाहिलेलं आहे.

एवढा संसार मागे बसला की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर घुबडं शोधू लागतात. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं एक चिमुकलं चाक असतं. ते फिरवलं की दिवे नम्रपणे खाली पाहू लागतात. टायरमधली हवाही वाढवावी लागते. किती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं: कमी माणसांचं एक चित्र, भरल्या गाडीचं एक. फणसाचं चित्र नाही.

आणि नेमकं डिकीत फणस होता त्या वर्षी, घाट चढून कोयना मागे टाकल्यावर, पाटणच्या अलीकडे मागचं चाक बसलं. सपाट जागा बघून गाडी कडेला घेतली. सगळे उतरलो. नानांनी पंक्चर चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावला आणि गाडी जॅकवर उचलायच्या आधीच नट सैल करून ठेवायला सांगितले, कारण हवेतलं चाक पान्याबरोबर फिरत राहतं. प्रश्न स्टेपनीचा होता. ती सगळ्यांच्या खाली. तिच्याशेजारीच रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, म्हणजे तोही खाली. नानांनी तोवर मागे लांबवर झाडाची एक फांदी नेऊन ठेवली आणि निघताना ती उचलायची आठवण मला तीनदा केली, कारण ट्रकवाले दगड-फांद्या रस्त्यावर तशाच सोडून जातात आणि रात्री त्यांच्यावर दुसरा कुणी आपटतो.

अख्खं कोकण रस्त्याच्या कडेला मांडून झालं. पेट्या, पोती, बरण्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध, आंब्याच्या पेटीवर, पदर खोचून सासूबाई. एक मोटरसायकल थांबली. डोक्याला मफलर गुंडाळलेला पोरगा म्हणाला, ‘मावशी, फणस कसा दिला?’

सासूबाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘कापा की बरका, ते आधी विचारावं. मग भाव.’

‘कापा हाय का?’

‘कापा आहे. पैसे नकोत. ते चाक तेवढं बसवून दे.’

त्यानं चाक बसवलं, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळत, अगदी शास्त्रशुद्ध. नाना समाधानानं बघत होते. मग तो अजस्र फणस मोटरसायकलवर लादायचा कसा, यावर दोघांची बराच वेळ मसलत चालली. पोरगा तो पुढे टाकीवर ठेवू पाहत होता.

‘तिथं नको,’ नाना डिकीतली सुतळी शोधत म्हणाले. ‘ब्रेक मारलास की तुझ्याआधी फणस घरी पोचेल.’