बेडकाला एनओसी

भाईंदरला पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचतं आणि त्यात बेडकांचं संमेलन भरतं. दोष कुणाचाच नाही. ही भातखाचरांची आणि मिठागरांची जागा आपली, असं बेडकांचं म्हणणं. बिल्डरकडे कागद आहेत.

यंदा त्या गर्दीतला एक जण पाइप धरून वर आला आणि आमच्या बाथरूमच्या टाइल्सना चिकटून बसला. चिरंजीवांनी लगेच जाहीर केलं, "बाबा, आपण हा पाळूया."

घरात घ्यायचं म्हणजे आधी घराणं बघायला हवं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं काढलेलं जे. सी. डॅनियल यांचं सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं आणि उभयचरांवरचं पुस्तक घेऊन मी एकेक स्थळ तपासायला बसलो. पहिला भेक. डोळ्यांमागे फुगीर विषग्रंथी, अंगभर फोड. त्याला शिवलं की चामखीळ येते, असं बायको ठामपणे म्हणाली. चामखीळ माणसांतल्या विषाणूमुळे येते, बेडकामुळे नाही, असं मी समजावलं. "मग तू लाव हात," ती म्हणाली. मी पान उलटलं.

पुढचा बुलफ्रॉग. चांगला वीतभर, आणि खरा नवरदेव तोच. विणीच्या दिवसांत नर हळद लागल्यासारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याशी दोन निळेशार फुगे फुगवतो. खाण्यात भेदभाव नाही: उंदीर, पाखरांची पिल्लं, वेळ पडली तर भाऊबंदही. एकेकाळी याच्या तंगड्या परदेशी ताटांत जायच्या. शेतातले किडे खाणारेच संपायला लागल्यावर 1987 मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. या स्थळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचंही संरक्षण आहे, म्हणजे सासरची माणसं फारच वजनदार.

आमच्या पाहुण्याच्या बोटांच्या टोकांना मात्र गोल चकत्या होत्या. म्हणजे झाडबेडूक. खात्री करायची तर मांडीच्या मागचे पिवळे ठिपके दिसायला हवेत. कमोडवर चढून, टॉर्च रोखून मी वाट बघत राहिलो. शेवटी त्यानं उडी मारली, ठिपके दिसले, ओळख पटली. टॉर्च कमोडमधून काढायचं काम बायकोनं माझ्याकडेच सोपवलं.

मग प्रश्न आला जेवणाचा. त्याला पतंग गिळताना मी जवळून पाहिलं. घास घशात ढकलायला बेडूक डोळे वापरतो. दोन्ही बुबुळं आत बुडाली आणि पुन्हा वर आली. आमच्याकडे गरम बटाटेवडा खाणाऱ्यांचंही जवळपास असंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या जैन काकांना बेडकाचं मोठं कौतुक वाटलं. "पाळा ना, जीवदयाच आहे. खातो काय?"

"जिवंत झुरळं, पतंग."

"चातुर्मासात?" काका गंभीर झाले. बराच विचार करून म्हणाले, "ममरा चालेल का?"

मी सांगितलं, समोरची वस्तू हलली नाही तर बेडकाला ते अन्न वाटतच नाही. ममरा हलवत कोण बसणार, यावर आमची चर्चा थांबली.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो तर त्यांनी पाळीव प्राण्यांचा फॉर्म पुढे केला. जात, रंग, लसीकरण, पट्टा. पट्ट्याच्या रकान्यात मी 'मानच नाही' असं लिहिलं. ते फॉर्म वाचत असतानाच माझी नजर नोटीस बोर्डावर गेली: शनिवारी पेस्ट कंट्रोल, सर्व घरे सक्तीने. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं शोषून घेतो, श्वासही बराचसा कातडीतूनच. त्या फवाऱ्यात तो तासभर तरी टिकेल का, कुणास ठाऊक!

पाळायचा बेत तिथेच मोडला. याला डब्यात ठेवण्यापेक्षा त्याच्या मर्जीनं येऊ-जाऊ द्यावं, एवढंच आमच्या हातात होतं. मी अर्जच बदलला: बेडूक राहतोय तोवर आमच्या बाथरूमला फवारणीतून सूट मिळावी.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "झुरळं कमी झाली का हो?"

"झाली की."

त्यांनी दार लोटलं, आवाज आणखी खाली आणला. "मग दोन दिवस आमच्याकडे पाठवता?"