अठ्ठावीस मीटर कमी

जपानी ॲनिमे मालिकेचा चोवीस मिनिटांचा एक भाग बघायला आमच्या भातसानगरात सव्वा तास लागतो. त्यातला थोडा दोष रेंजचा, बाकी सगळा आमच्या पुतण्याचा. दर दोन मिनिटांनी तो अंगठ्याने पडदा थांबवतो, भोवती दाटीवाटीने बसलेल्या पाच डोक्यांकडे बघतो आणि म्हणतो, "थांबा. यावर जरा बोलू."

आणि बोलतात! नायक रडायला लागला तेव्हा संगीत का थांबलं, ढगांचा रंग मागच्या भागापेक्षा गडद का, आणि मुख्य म्हणजे हे बघून आपल्याला आत काहीतरी कसं झालं. पोरं याला 'इम्प्रेशन' म्हणतात. हाच पुतण्या दहावीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी नाव विचारलं तर आडनाव सांगून गप्प बसला होता. घरी "भाजी कशी झालीय?" याला "हं" सोडून दुसरं उत्तर आम्ही तीन वर्षांत ऐकलेलं नाही. पण जपानी चित्रांतल्या एका पोराची आई राक्षसाने खाल्ली की याला वाचा फुटते.

बैठक भरते कॉलनीच्या रस्त्यावरच्या मोरीवर, कारण रेंज तिथेच येते. कठड्याच्या डाव्या टोकाला दोन काड्या, उजव्या टोकाला तीन. पूर्वी गावात वरची आळी आणि खालची आळी असे. आता तीन काडीवाले आणि दोन काडीवाले. शिवाय एक जण रोज आसनगावहून लोकलने कल्याणला कामाला जातो. तो जाता जाता दीड भाग उरकतो आणि संध्याकाळी मोरीवर येऊन हाताची घडी घालून बसतो. "मी काही बोलत नाही," एवढंच म्हणतो. पण एखादं पात्र हसत हसत घराबाहेर पडलं की हा असा सुस्कारा सोडतो की बाकीच्यांनी त्या पात्राचं दहावं-बारावं तिथेच उरकावं.

मी या प्रकाराला एकदाच "कार्टून" म्हणालो. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझंच घोंगडं माझ्या गळ्यात टाकायला आला. "काका, ते मोगलीचं बघायचात ना तुम्ही?"

बघायचो म्हणजे काय! १९९३ साल, रविवारची सकाळ, दूरदर्शन आणि 'द जंगल बुक'. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात अर्ध्या कॉलनीच्या चपला.

"ते ॲनिमेच होतं," पुतण्या म्हणाला. "निप्पॉन ॲनिमेशनचं. जपानमध्ये १९८९ ला लागलं होतं."

मी हादरलो. आमचा शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा. तो वाघ जपानचा असेल अशी शंका यायला जागाच नव्हती. बोलायचा तर थेट मुरूड-जंजिऱ्याचा. म्हणजे तीस वर्षांपूर्वी मी ॲनिमे बघत होतो आणि कुणी मला कळवलंही नाही. मतं आम्हीही द्यायचो, पण पडदा थांबवायची सोय नव्हती. जे काय वाटलं ते चालू असतानाच म्हणायचं, पुढच्याच्या डोक्यावरून आणि बघ्याला बघ्याने "श्शू" करायच्या आत.

आता मात्र या कामाला शिस्त आलीय. सुरुवातीचं गाणं पुढे ढकलायचं नाही. गण न म्हणता वग सुरू केल्यासारखं ते अशुभ. कुठल्याही मालिकेला तीन भाग द्यायचे आणि मगच चांगली की वाईट ते ठरवायचं. हा तीन भागांचा नियम जगभरचे ॲनिमेवाले पाळतात म्हणे. आमच्या आईने तो ऐकला आणि म्हणाली, "तीन? तुझ्या आत्याचं लग्न आम्ही एका बशी पोह्यांवर ठरवलं होतं." आत्याचे यजमान त्या वेळी पडवीतच बसले होते. त्यांनी मत दिलं नाही.

सगळ्यांत कडक कायदा मात्र स्पॉयलरचा. पुढे काय होणार हे ज्याने सांगितलं तो दोन काड्यांच्या बाजूलाही बसू शकत नाही. आईला हा गुन्हा म्हणजे काय तेच समजत नाही. तिने १९८८ सालचं 'महाभारत' अख्ख्या कॉलनीला आधी सांगून मग दाखवलेलं आहे. अभिमन्यू रथात चढला की ही पदराने डोळे पुसत म्हणायची, "आत जातोय, बाहेर येत नाही हं हा." एकही प्रेक्षक उठून गेला नाही, उलट रडायची तयारी करायला वेळ मिळाला म्हणून बायका तिच्याजवळ सरकून बसायच्या. राम वनवासातून परत येतो हे सांगितलं म्हणून कुठल्या कीर्तनकाराचा नारळ कुणी परत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

कठड्यावरचा पाचवा मूळ चित्रपुस्तक आधीच वाचलेला. त्याला जपानीत मंगा म्हणतात. तो पोथी वाचून प्रवचनाला आलेल्या म्हाताऱ्यासारखा मान हलवत बसतो आणि अधूनमधून म्हणतो, "मंगात असं नाहीये." आई एकदा पुतण्याला जेवायला बोलवायला मोरीवर गेली तेव्हा तिने हे ऐकलं. "हा मंगा कोण? कुठल्या पाड्याचा?" मग कठड्यावर टेकली. गुडघे दुखत होते म्हणून, असं ती सांगते. पण पूर्ण भाग बघूनच उठली आणि भाकऱ्या गार झाल्या.

त्या दिवशी चालू होतं 'अटॅक ऑन टायटन'. २०१३ ला सुरू झालं, २०२३ ला संपलं. दहा वर्षं! उरलीसुरली माणसं तीन भिंतींच्या आत राहतात. भिंती एकात एक: बाहेरची मारिया, मधली रोझ, आतली सीना. बाहेर राक्षस, म्हणजे टायटन, उघडे-नागडे, चेहऱ्यावर सत्यनारायणाला आल्यासारखं हसू. ते माणसं खातात.

"का खातात?" आईने विचारलं.

"तेच तर रहस्य आहे, आजी. त्यांना भूक नसते. पोटात पचवायची सोयही नसते. भरलं की ओकून टाकतात आणि परत खातात."

"भूक नाही, पचत नाही, तरी खातात?" आईने पदर सावरला. "मेले टेंडर भरत असतील."

माझ्या मते त्या मालिकेवर दहा वर्षांत व्यक्त झालेलं हे सर्वोत्तम इम्प्रेशन आहे. पोरांनी ते हसण्यावारी नेलं, कारण त्यात ढगांच्या रंगाचा उल्लेख नव्हता.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या भिंती ५० मीटर उंच. पहिल्याच भागात ६० मीटरचा एक राक्षस येतो आणि भिंतीवरून आत डोकावतो. वर धूर, लाल चेहरा, भिंतीच्या काठावर बोटं. पोरांनी श्वास रोखले, पडदा थांबला, चर्चा झाली: केवढी ती भिंत! केवढी ती उंची! आणि ही चर्चा करताना सहाही जणांच्या पाठी ज्या बाजूला होत्या त्या बाजूला भातसा धरण उभं आहे. उंची ८८ मीटर. लांबी ९५९ मीटर. पोरं जन्मल्यापासून ते तिथेच आहे, त्यामुळे त्यावर आजवर कुणाचं काही इम्प्रेशन झालेलं नाही.

मी सहज हिशेब केला. साठ मीटरचा तो राक्षस आमच्या धरणाशी आला तर टाचा उंचावूनही त्याला वरचं काही दिसणार नाही. अठ्ठावीस मीटर कमी पडतात. जपानने जगाला घाबरवायला जे पाठवलं ते भातसानगरला तोकडं पडलं, याचा मला जरा अभिमानच वाटला. तो मी पुतण्याला बोलून दाखवला.

"काका, जपानमध्ये खरंच असं केलंय," पुतण्या म्हणाला आणि त्याने फोटो दाखवला. या मालिकेचा मूळ चित्रकार हाजिमे इसायामा ओइता प्रांतातल्या हिता शहरात आता मोडणाऱ्या ओयामा गावचा. तिथे एक धरण आहे. २०२० च्या नोव्हेंबरात त्या धरणासमोर मालिकेतल्या तीन पोरांचे कांस्यपुतळे बसवले. माना वर करून तिघं धरणाच्या भिंतीकडे बघतायत, जणू वरून आता तो राक्षस डोकावणार. लांबलांबून लोक येतात, पुतळ्यांशेजारी उभे राहून वर बघतात आणि मग काय वाटलं ते एकमेकांना सांगतात. धरणाचं पाणी, अर्थातच, जातं फुकुओकाकडे.

हे 'अर्थातच' माझं नाही, पुतण्याचं. तो एवढंच म्हणाला आणि पहिल्यांदाच पडदा न थांबवता गप्प बसला.

कारण त्या भिंतींचा नकाशा त्याला पाठ आहे. राजा, सरदार, पैसेवाले राहतात सीनाच्या आत. बाहेरच्या भिंतीला चिकटून काही वस्त्या मुद्दाम पुढे काढलेल्या असतात, राक्षस आधी तिकडे वळावेत म्हणून. आमिष. "आणि आपण मारियाच्या बाहेर," दोन काडीवाल्यांपैकी एक जण म्हणाला. त्यावर कुणी बोललं नाही. हल्ली ज्यावर बोलायला हवं त्यावर पडदा थांबतच नाही.

इम्प्रेशन द्यावं तर मुंबईकरांनी. त्यांची मालिका दरवर्षी जूनमध्ये सुरू होते. पात्रं सात, सगळी मुंबईला पाणी देणारी: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. रोज सकाळी महापालिका नवा भाग सोडते आणि पेपरवाले तो चौकटीत छापतात. सातही मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, त्यातले ७ लाख १७ हजार ३७ एकट्या भातसाचे. म्हणजे निम्मी मालिका आमच्या जिवावर चालते. जूनमध्ये प्रेक्षक म्हणतात, सुरुवात संथ आहे, तीन भाग देऊन बघू. जुलैत पकड घेते. ऑगस्टात भातसाची पातळी १४२.०७ मीटरच्या खुणेजवळ आली की नखं कुरतडतात, धरणाचे दरवाजे उघडले की टाळ्या. विहार आणि तुळशी ही छोटी पात्रं. ती भरून वाहिली की कौतुक फार होतं, कथानक काही हलत नाही.

मालिका तिथे संपते. दुसरा सीझन फेब्रुवारीपासून शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सुरू होतो, पण त्यात मुख्य पात्रच नसल्याने प्रेक्षक फिरकत नाहीत. त्यातलं एक दृश्य जवळून बघण्यासारखं आहे. टँकर विहिरीशी येतो. मागे लावतात. पाइप सोडतात आणि आणलेलं पाणी विहिरीत ओततात. ते तळाशी टेकायच्या आत पंधरावीस पोहरे खाली गेलेले असतात, कठड्यावर दोर दोरात अडकतात, "माझा सोड", "तुझा ओढ", आणि गढूळ झालेलं तेच पाणी बायका परत वर खेचतात. चाकावर बसून आलेलं पाणी आधी खड्ड्यात टाकायचं आणि मग दोरीने काढायचं, हे कुठल्या मंगात सापडणार नाही. पुतण्या याला 'फिलर' म्हणतो. त्यांच्या भाषेत फिलर म्हणजे असा भाग, ज्यात गोष्ट पुढे जात नाही, फक्त भागांची संख्या वाढते.

धरणातलं पाणी तोवर नदीतून आमच्यासमोरून जात असतं. खाली पिसेला उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे ते मुंबईत नळाला येतं. आमच्यासाठी ते सुरुवातीच्या गाण्यासारखं आहे: दिसतं, ऐकू येतं, पुढे ढकलता येत नाही, आणि त्यानंतरचा भाग आमच्याकडे लागत नाही. आमच्या शहापूरच्या गावांना पाणी द्यायचं ठरलं तेव्हा योजना निघाली ती इगतपुरीच्या भावली धरणातून, घाट उतरवून. एका मालिकेतली पात्रं दुसरीत घुसली की पोरं त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. भातसाच्या उशाशी झोपलेल्याला भावलीचं पाणी, यापेक्षा मोठा क्रॉसओव्हर जपानलाही सुचलेला नाही.

तसं जपानचंही लक्ष मुंबईच्या पुढे गेलेलं नाही. २०१२ मध्ये त्यांनी भारतासाठी खास मालिका काढली, 'सूरज: द रायझिंग स्टार'. मूळ जपानी गोष्ट बेसबॉलची, इथे क्रिकेटची केली आणि सगळं बेतलं मुंबईत. टोकियोहून इतक्या लांब आले, पण आसनगावला कुणी उतरलं नाही.

एक गोष्ट मात्र मानायला हवी. 'वेदरिंग विथ यू' नावाचा ॲनिमे चित्रपट आहे. टोकियोत पाऊस थांबतच नाही अशी त्याची गोष्ट. तो आपल्याकडेही दाखवा म्हणून इथल्या चाहत्यांनी पन्नास हजारांवर सह्या जमवल्या आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तो भारतातल्या चित्रपटगृहांत लागलासुद्धा. पाण्याच्या निवेदनांवर आमच्याकडेही सह्या असतात. अंगठेही असतात. आमची चूक एवढीच की आम्ही पाऊस मागत नाही, पाणी मागतो. आणि त्यात चित्रं नसतात.

गेल्या रविवारी पोरांनी ठरवलं की आपणही तसा फोटो काढायचा. संध्याकाळी तिघं जण धरणाच्या रस्त्याला उभे राहिले, त्या पुतळ्यांसारखे, माना वर. एकाने खांद्यावर आईची ओढणी टाकली होती, मालिकेतल्या मुलीच्या लाल मफलरऐवजी. मी मागे, लाजेकाजेस्तव थोडा लांब. एवढ्यात रखवालदार मामा काठी आपटत आले.

"ए, फोटो काढायला बंदी आहे. काय बघताय वर?"

"राक्षस येतो का बघतोय, मामा."

मामांनी चष्मा कपाळावर नेला. "किती उंच?"

"साठ मीटर."

मामांनी धरणाकडे पाहिलं. खालून वर, मग वरून खाली. इतकी वर्षं राखलेली भिंत त्यांनी एकदा डोळ्यांनी मापून घेतली.

"मग नाही दिसायचा," ते म्हणाले. "आपली अठ्ठ्याऐंशी आहे." काठी काखेत धरून त्यांनी खिशातून मोबाइल काढला, काचेवरची धूळ बाहीला पुसली आणि पुतण्याच्या अंगावर खेकसले, "आणि पुढचं काही बोललास तर बघ. माझा दुसराच सीझन चालू आहे."