आधी बुश बघा, मग बार

पुढचा जाड अँटी-रोल बार बसवला की गाडी रस्त्याला चिकटते, ही समजूत साफ चुकीची आहे. गाडी झुकायची कमी होते, एवढंच. झुकणं कमी होणं वेगळं आणि पकड वाढणं वेगळं. या दोन्हींची गल्लत करून पौडच्या पुढे कोळवणच्या वळणांवर गाडी हाणणाऱ्यांसाठी या आठवड्याचं हे सदर.

हा बार म्हणजे इंग्रजी ‘यू’च्या आकाराची स्प्रिंग-पोलादाची कांब. मधला भाग रबरी बुशांत धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकांच्या बाजूंना जोडलेली. वळणावर गाडी बाहेर कलली की कांब पिळली जाते आणि कलण्याला अडवते. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना याचं पेटंट १९१९ साली मिळालं, म्हणजे कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. आपल्या मारुती ८००मध्ये तर हाच बार खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही करायचा. त्याचे बुश गेले की ती गाडी कशी भरकटायची, हे जुन्या मालकांना आठवत असेल.

आता जाडीचा हिशेब. कांबीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २२ मिलिमीटरचा भरीव बार काढून तशाच घडणीचा २५ मिलिमीटरचा घातला, तर तो सुमारे ६७ टक्के जास्त ताठ होतो. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण चाकाला ते किरकोळ नसतात. शिवाय विकणारा व्यास सांगतो. बार भरीव की पोकळ, हे आपण विचारावं लागतं. विचारा.

या ताठपणाची किंमत टायर मोजतो. वळणावर आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर जातोच. पुढचा बार ताठ केला की त्यातला जास्त वाटा पुढच्या चाकांच्या जोडीवर पडतो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच राहते. त्यामुळे ज्या टोकाचा बार ताठ, त्या टोकाच्या दोन टायरांची एकूण पकड घटते. पुढचा बार जाड केलात तर पुढची चाकं आधी सुटतील. स्टिअरिंग वळवलेलं असेल आणि गाडी सरळ भाताच्या खाचरात जाईल.

अमेरिकेत याच्या उलट दुखणं होतं. शेव्हरोले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे, त्यामुळे वळणावर तिची शेपूट सुटायची. १९६० ते १९६३च्या मॉडेलांना पुढचा बार कारखान्यातून सरसकट दिला नव्हता. १९६४ साली तो दिला. राल्फ नेडर यांनी १९६५च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर लिहिलं. तिथे पुढचा बार हवाच होता, कारण पुढची पकड थोडी कमी करून मागची सांभाळायची होती. आपल्या बहुतेक हॅचबॅकचं इंजिन पुढे, ओढही पुढच्या चाकांची. त्यांचं नाक आधीच बाहेर जातं. त्यांना कॉर्व्हेअरचं औषध कशाला? पुढच्या चाकांच्या ओढीची गाडी शर्यतीसाठी तयार करणारे म्हणूनच सहसा मागचा बार ताठ करतात. अपवाद आहेत. काही गाड्या झुकल्या की पुढच्या चाकाचा कोनच बिघडतो, तिथे जाड बारचा फायदा होतो. उंच, डुलणाऱ्या गाडीलाही होतो. पण हे आपल्या गाडीबद्दल नीट तपासून ठरवायचं असतं, मित्राच्या गाडीला शोभला म्हणून नव्हे.

आणि रस्ता कुठला, तर कोळवणचा. लावणीच्या दिवसांत खाचरातून निघालेला ट्रॅक्टर डांबरावर चिखलाचे पट्टे टाकत जातो. त्या पट्ट्यावर टायरची पकड उरतच नाही, मग बार किती मिलिमीटरचा याला काय अर्थ? बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही हिसका बसतो. बार जितका जाड, तितका हिसका मोठा. पावसानं कडा खाल्लेल्या रस्त्यावर डावं चाकच सारखं खड्ड्यात जातं. शिवाय गाडीचं झुकणं ही चालकाला मिळणारी सूचना असते. ती बंद केली आणि पकड होती तेवढीच राहिली, तर मर्यादा ओलांडल्याचं उशिरा कळतं. वळणापलीकडे गुरं असतात, शाळेतून परतणारी पोरं असतात, हाडशीच्या मंदिराकडे निघालेली म्हातारी माणसं असतात. उशिरा कळण्याची किंमत त्यांनी का भरायची?

एवढं वाचूनही बसवायचाच असेल, तर नीट बसवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका; रॅम्प किंवा दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, एकच उचललं तर बार पिळलेला राहतो आणि लिंक रॉड जागेवर बसत नाही. लिंक रॉडचं नट फिरवताना आतला बॉल फिरू लागतो, तो ॲलन कीनं धरायचा. हातोड्यानं ठोकायचं काम नाही. रबरी बुशाला साधं ग्रीस फासू नका, रबर फुगून खराब होतं. पॉलियुरेथेनचा बुश असेल तर त्याच्यासाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर तो करकरतो. कित्येक गाड्यांत बार काढायला क्रॉस मेंबर खाली घ्यावा लागतो आणि त्यासाठी स्टिअरिंगचा जॉइंट सोडवावा लागतो. त्या वेळी स्टिअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं गरगरलं तर एअरबॅगच्या वायरची आतली गुंडाळी तुटते. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बार ब्रेकच्या नळीला किंवा ड्राइव्ह शाफ्टला लागत नाही ना, ते बघा. अलाइनमेंट करून घ्या. काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. विमा कंपनीला लेखी कळवा.

कारखान्यानं बार, स्प्रिंग, शॉकॲब्झॉर्बर आणि टायर एकमेकांना जुळवून दिलेले असतात. त्यातला एक बदलून तो कसा वागतो, हे पाहायची जागा कोळवणचा गावरस्ता नाही. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआयसारखी संस्था आहे, तिथे वाहनांच्या चाचण्या होतात. गावकऱ्यांच्या अंगावर चाचणी घेऊ नका.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर आधी गाडी रॅम्पवर घ्या. लिंक रॉडला हातानं हलवून बघा, बारचे बुश चिरलेत का बघा, पुढच्या टायरची नक्षी किती उरली ते बघा. टकटक आणि डुलणं बरेचदा तिथेच सापडतं आणि थोडक्या पैशांत मिटतं. तेवढं करा, आणि पौड सोडल्यावर वेग उतरवा.