याले मशीन काऊन लागली?
झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली श्रोत्यांना मेंदू तपासायच्या यंत्रात आडवं केलं आणि पियानोवादकाला थेट वाजवायला लावलं. श्रोत्याच्या मेंदूतली हालचाल बघत वादक वाजवणं बदलत गेला. निष्कर्ष असा की, ध्वनिमुद्रणापेक्षा थेट वादनाने मेंदूतला भावनांशी निगडित भाग जास्त चेततो.

चांदूर बाजारच्या एखाद्या भजनी मंडळाला हे सांगा. टाळ खाली न ठेवता विचारतील, "याले मशीन काऊन लागली, बाप्पा?" मान डोलली की बुवा ओळ पुन्हा घेतात, जांभई दिसली की ठेका चढवतात.

इंग्रज सरकारला तर थेट गाण्याची ही ताकद यंत्राशिवायच उमगली होती. चांदूर बाजारच्याच जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या, भजनं गाणाऱ्या तुकडोजी महाराजांना त्यांनी १९४२ साली तुरुंगात टाकलं. महाराजांच्या हातातलं हत्यार म्हणजे खंजिरी!

आता आपण पुढारलो. गायक समोर बसलेला, आपण त्याला मोबाइलच्या पडद्यात बघतो. मिरवणुकीत डीजेने छाती हादरली की त्या हादऱ्यालाच भावना म्हणतो. जांभई डीजेला दिसत नाही, आणि सरकारलाही त्याच्या फक्त आवाजाची भीती वाटते. तेव्हा मोबाइल खिशात घाला, टाळ हातात घ्या.