टूथपिकवाले काका

पॉटलकचा मेसेज ग्रुपवर पडला की 'वेफर्स मी आणते', 'पेपर प्लेट माझ्याकडे' असं म्हणत हुशार माणसं सोप्या जागा पटकावतात. अकाउंट्समधले काका मात्र तीन मिनिटं 'टायपिंग'च दाखवत राहतात आणि मग एकच शब्द येतो : 'सरप्राइज'. त्या दिवशी निम्मं ऑफिस पॉटलक असूनही गुपचूप घरचा डबा आणतं.

काका 52 वर्षांचे. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांबरोबर त्यांनीही केळ्याचा केक केला. बाकीचे पुढे बरे झाले. काकांचं एक तत्त्व आहे. ऑफिसातला पदार्थ एका घासाचा हवा, दोन बोटांत मावायला हवा आणि कीबोर्डला तेल लागता कामा नये. यात खोट काढण्यासारखं काही नाही. कोथिंबीर वडी, शंकरपाळे, मिनी साबुदाणा वडे, सगळे या परीक्षेत पास. पण ते आधीच कुणीतरी करून ठेवलेत, ही काकांची अडचण. मग भाकरीच्या रुपयाएवढ्या चकत्या, त्यावर झुणक्याचा ढीग आणि ढिगाच्या डोक्यावर टूथपिकने खोचलेला ऑलिव्ह. एकदा सुरळीच्या वडीत बीट आणि आत मेयॉनीज. ते पीठ गरम आहे तोवरच ताटाच्या पाठीवर पसरावं लागतं. काका फोटो काढत बसले, गोळा झाला. गोळ्याला त्यांनी 'डीकन्स्ट्रक्टेड' म्हटलं आणि टूथपिका टोचून आणला.

असं नाही की त्यांना कुणी रीत शिकवलेली नाही. 1970 साली आलेल्या 'रुचिरा'त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं देऊन कित्येक नवशिक्यांना तारलं. काकांकडे त्यांच्या आईची प्रत आहे, हळदीचे डाग पडलेली. काका ती मन लावून वाचतात आणि समासात पेन्सिलीने लिहितात, 'इथे वाव आहे.'

सगळ्यात मोठा वाव त्यांना अळूवडीत सापडला. चिंच-गूळ फार झाला म्हणून ते काढून त्यांनी चीज आणि ओरेगॅनो घातला. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. घसा खवखवू नये म्हणून तर त्यात आंबट घालायचं. आजीला हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं, काका बी.कॉम. तीन वाजता क्लायंटचा कॉल. आमच्या बाजूचे सहाही जण आळीपाळीने खाकरतायत. साहेबांनी रेट सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं नुसतंच 'ख्ख'. पलीकडच्याला वाटलं, आम्हाला आकडा पसंत नाही. त्याने आपणहून दोन टक्के वाढवले. तेव्हापासून साहेब काकांना काही बोलत नाहीत.

बोलत तर आम्हीही नाही, खरा घोळ तोच. काका चष्म्यावरून बघत 'कसं झालंय?' विचारतात, तेव्हा 'काहीतरी वेगळंच आहे हो, काका!' असं म्हणायची रीत आहे. 'वेगळं' हा शब्द मराठीत याच कामासाठी आला असावा. नव्या ट्रेनी मुलीला ही रीत माहीत नव्हती. ती सरळ म्हणाली, ''काका, मला नाही आवडलं.'' एसीचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता. काका मात्र खुलले. तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नेमकं काय नाही आवडलं हे पाऊण तास वहीत उतरवून घेतलं. आता प्रत्येक प्रयोग आदल्या दिवशी तिला चाखायला मिळतो. हल्ली तीही म्हणते, ''वेगळंच आहे, काका.''

संध्याकाळी सगळे पांगले की काका ताळा जुळवायला बसतात. परवा 60 नग आणले होते. डब्यात 14 शिल्लक. रिकाम्या प्लेटांतल्या टूथपिका त्यांनी एकेक करून मोजल्या : 43. तीन कमी. दुसरा कुणी असता तर सोडून देता, पण ज्याने तीन रुपयांच्या फरकासाठी मार्चएंडला आम्हाला रात्री दहापर्यंत बसवलंय, तो तीन टूथपिका कशा सोडील? टेबलाखाली पाहिलं, पेंट्रीत पाहिलं. शेवटी खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत त्या तिन्ही सापडल्या, मातीत उभ्या खोचलेल्या, वर नग जसाच्या तसा. मी मान खाली घालून बॅग भरत होतो. काकांनी माती झटकली, वही उघडली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'मार्गस्थ माल – 3.'