तळघरातली टंचाई

टंचाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टँकर येतो, हंड्यांची रांग येते, जुन्या माणसांना रॉकेलचा डबा आठवतो. 2013 साली अमेरिकेत वॉलमार्टसमोर सकाळी सकाळी जी रांग लागायची, ती काडतुसांसाठी. तीही कुठल्या जंगी बंदुकीच्या नव्हे, पॉइंट टू-टूच्या. एनसीसीत गेलेल्यांना हे काडतूस ठाऊक असतं: करंगळीच्या पेराएवढं, 1887 पासून फारसं न बदललेलं. अमेरिकेत ते डबे-बाटल्या उडवायला, खारी मारायला आणि पोरांना नेम धरायला शिकवायला वापरतात. 500 काडतुसांच्या खोक्याला तिथे ‘वीट’ म्हणतात. ही वीट 20 डॉलरच्या आसपास मिळायची. त्या वर्षी ती दुकानाच्या फळीवरून गायब झाली आणि शस्त्रांच्या जत्रेतल्या टेबलांवर दुप्पट-तिप्पट भावात उगवली. वॉलमार्टने मग माणशी दिवसाला तीन खोकी असा नियम केला. सरकारने कुणाला किती साखर द्यायची हे ठरवणं म्हणजे गुलामगिरी, असं मानणाऱ्या देशात शिधावाटप आलं, आणि तेही खारी मारायच्या गोळ्यांचं. रेशनकार्ड छापायचं तेवढं राहिलं.

ही टंचाई कुणी आणली, याचं उत्तर रांगेतल्या पुष्कळांना पाठ होतं. सरकारने. 14 डिसेंबर 2012 रोजी कनेटिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. शस्त्रांवर निर्बंध येणार अशी चर्चा सुरू झाली आणि निर्बंध येण्याआधी घेऊन ठेवू म्हणून गिऱ्हाईक धावलं. त्या एका महिन्यात बंदूक खरेदीच्या निमित्ताने होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा 27 लाखांच्या वर गेला. फेब्रुवारीत बातमी आली की अमेरिकेचं गृहसुरक्षा खातं येत्या चार-पाच वर्षांत 160 कोटींपर्यंत काडतुसं घेऊ शकतं. झालं! सरकार बाजारातला माल उचलून जनतेला निःशस्त्र करतंय, या सिद्धांताला आकडा मिळाला. आकडा मिळाला की सिद्धांताला पुरावा लागत नाही. वास्तविक 160 कोटी ही कंत्राटांची कमाल मर्यादा होती. कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष खरेदी यांत किती अंतर असतं, हे ज्याने लग्नाच्या पत्रिका वाटून मग पंगत मोजली आहे त्याला सांगायला नको. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीसांनी पंगत मोजली: 2008 ते 2013 या वर्षांत त्या खात्याने दरसाल सरासरी 10.9 कोटी काडतुसं घेतली होती, आणि ज्या वर्षी बोंब झाली त्या 2013 साली तर 8.4 कोटीच. अमेरिकेतलं वार्षिक उत्पादन 800 ते 1000 कोटींच्या घरात धरलं जातं. म्हणजे खात्याच्या वाट्याला शंभरात जेमतेम एक. शिवाय जुलमी सरकारशी लढणाऱ्यांनी खारी मारायच्या गोळ्यांसाठी पहाटे उठावं, यात त्या सरकारला भिण्यासारखं काय होतं, हेही कुणी विचारलं नाही.

मग बाकीची नव्व्याण्णव गेली कुठे? इथे कट, कारस्थान, काळा हात वगैरे काही लागत नाही, पाटीवरची तिसरीतली बेरीज पुरते. सर्वेक्षणांत अमेरिकेतल्या प्रौढांपैकी सुमारे 32 टक्के लोक आपल्याकडे स्वतःची बंदूक असल्याचं सांगतात. प्रौढांची संख्या 25 कोटींच्या पुढे, तेव्हा बंदूकधारी झाले 8 कोटी. आता या 8 कोटींतल्या प्रत्येकाने नेहमीच्या खरेदीशिवाय 50 काडतुसांची दोनच खोकी ‘असू द्यावीत’ म्हणून घेतली, तर 800 कोटी काडतुसं झाली. साऱ्या देशाचं वर्षभराचं उत्पादन गेलं. आणि ज्याला रांगेत उभं राहून काडतुसं मिळतात, तो दोन खोक्यांवर थांबत नाही. तेव्हा काडतुसं नाहीशी झालेली नव्हती, त्यांनी फक्त मुक्काम हलवला होता: दुकानाच्या फळीवरून घराच्या तळघरात. कोरडं ठेवलं तर काडतूस वर्षानुवर्षं टिकतं. डाळ साठवली तर टोके लागतात आणि निदान त्या भीतीने माणूस आवरतो. इथे तोही लगाम नाही. आपल्याकडे नोव्हेंबर 2016 मध्ये मीठ संपणार अशी आवई उठली आणि उत्तर भारतात लोक वाटेल त्या भावाने मिठाच्या पिशव्या उचलत सुटले. एवढा समुद्रकिनारा लाभलेल्या देशात! मीठ संपलं नव्हतं, ते फक्त फडताळात गेलं होतं. फरक इतकाच की दोन-चार दिवसांत आपण शहाणे झालो. अमेरिकेला पॉइंट टू-टूच्या बाबतीत वर्षं लागली.

यावर बाजाराचे भक्त म्हणतात, मागणी वाढली तर कारखाने माल वाढवतील, अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच आहे. धड्यात आहे, कारखान्यात नाही. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाशी टोपी, जिला प्रायमर म्हणतात. पुंगळ्या घरी पुन्हा भरणारे हौशी लोक तिथे पुष्कळ आहेत. गोळी कुणीही ओतून घेतो. टोपी मात्र कुणाला घरी जमत नाही. तिच्यातलं शिशाचं स्फोटक संयुग इतकं तापट की कारखान्यातही ते ओल्या लगद्याच्या रूपातच हाताळतात, कारण वाळलेल्याला जरासं घासणंही खपत नाही. अमेरिकेत नागरी बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर ही टोपी बनवणारे तेव्हा मोजून चार: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर, रेमिंग्टन. पॉइंट टू-टूला तर वेगळी टोपीच नसते. पुंगळीच्या काठातल्या पोकळीत तो लगदा गरगर फिरवून बसवतात आणि त्यासाठीची यंत्रं दुसऱ्या काडतुसांच्या कामाची नाहीत. म्हणजे मागणी वाढली की पाळ्या वाढवता येतात, रविवार रद्द करता येतो. नवा कारखाना काढायला मात्र वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतात.

आणि कारखानदाराने तो काढावा तरी का? गिऱ्हाइकाच्या भीतीवर कर्ज काढायचं, तर ती भीती कर्ज फिटेपर्यंत टिकायला हवी. तिची मुदत निवडणुकीपुरती. ओबामांच्या आठ वर्षांत हा धंदा फोफावला. त्यांच्याइतका कर्तबगार बंदूकविक्रेता अमेरिकेने पाहिला नाही, अशी कोटी दुकानदार स्वतःच करत. खरं तर त्यांच्या काळात बंदी सोडाच, बंदूक खरेदीच्या तपासण्या वाढवण्याचं विधेयकही एप्रिल 2013 मध्ये सिनेटमध्ये अडकलं. तरी 2016 मध्ये हिलरी क्लिंटन येणार म्हणून दुकानांनी माल भरून ठेवला. आले ट्रम्प, बंदूकधाऱ्यांचे लाडके. भीती गेली आणि तिच्याबरोबर गिऱ्हाईकही गेलं. फळ्या भरल्या, सवलतींच्या पाट्या लागल्या आणि दोनशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या रेमिंग्टनने, कर्जाचा डोंगर आधीच डोक्यावर असल्याने, मार्च 2018 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शत्रूच्या राज्यात भरभराट आणि मित्राच्या राज्यात दिवाळं, असा धंदा आपल्याकडे फक्त काही राजकीय पक्षांनाच ठाऊक आहे.

आता एक प्रामाणिक आक्षेप. सगळं काही अफवांवर ढकलता येणार नाही, खऱ्या अडचणीही होत्या. होत्याच की. वॉलमार्टने सप्टेंबर 2019 मध्ये, एल पासोतल्या त्यांच्या दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर, पिस्तुलांची काडतुसं विकणं थांबवायचं ठरवलं. विरोधी नेते नव्हाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगाबद्दल रशियावर लादलेल्या निर्बंधांत 7 सप्टेंबर 2021 पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांना नकार मिळू लागला. पोलादी पुंगळीचा तो तुला आणि बर्नाऊल या रशियन शहरांतला माल म्हणजे गरिबाची सोय होती. तांबं मे 2021 मध्ये टनाला 10,000 डॉलरच्या वर गेलं. पुढे युक्रेनच्या युद्धाने दारूच ओढून नेली. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे मुळात कापसाची: सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंची. युरोपातल्या तोफांना तीच हवी झाली आणि 2024 च्या सुरुवातीला फेडरल आणि सीसीआयच्या मालक कंपनीने गिऱ्हाइकांना दारूच्या जागतिक तुटवड्याचं आणि दरवाढीचं पत्र धाडलं. (कापूस जगात कुठेतरी टंचाईचा माल आहे, ही बातमी यवतमाळला अजून पोचलेली नसावी.) हे सगळं खरं. पण तारखा पाहा. 2009 मध्ये, 2013 मध्ये, 2020 च्या मार्चमध्ये फळ्या रिकाम्या झाल्या, तेव्हा यातलं बहुतेक काही घडलेलंच नव्हतं. ही कारणं मागाहून आली, आणि एरवी भावात दोन-चार सेंटांची भर घालून थांबली असती. ज्याचं दूध उतू जायच्या बेतात आहे, त्याच्या चुलीत ती काटकी ठरली.

2020 चं दूध तर जोरात उतू गेलं. महासाथ, मग रस्त्यावरची आंदोलनं, मग निवडणूक: भीतीचे तिन्ही हंगाम एका वर्षात. पार्श्वभूमी तपासण्यांचा आकडा वर्षअखेर 3 कोटी 97 लाखांवर गेला आणि उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाने 80 लाखांहून अधिक लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. टॉयलेट पेपर आणि नऊ एमएमची काडतुसं एकाच आठवड्यात संपावीत, यावरून त्या समाजाला नेमकी कशाची धास्ती होती, ते ज्याने त्याने ठरवावं. 50 च्या ज्या खोक्याला 10 डॉलर पडत, त्याला पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला 35-40 डॉलर पडू लागले. आता कट कारखानदारांचा ठरला: माल दडवून भाव चढवतात! शेवटी फेडरलचे अध्यक्ष जेसन व्हँडरब्रिंक यांना डिसेंबर 2020 मध्येच व्हिडिओ काढून सांगावं लागलं की आमचं कुठलंही गुप्त गोदाम नाही, कारखाने चालू आहेत, आणि शिव्यांची पत्रं पाठवणं थांबवा. त्यांच्याकडे 100 कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या पडून होत्या. गुप्त गोदामं होती, यात शंका नाही. फक्त ती कोट्यवधी होती, विखुरलेली होती, आणि त्यांच्या किल्ल्या तक्रार करणाऱ्यांच्याच खिशात होत्या.

बरं, त्यांना मूर्ख म्हणावं तर तेही जमत नाही. एकेकट्याचा हिशेब चोख आहे: उद्या मिळणार नाही असं वाटतं, म्हणून आज चार खोकी घेतली, आणि खरंच उद्या मिळालं नाही. अंदाज बरोबर आला! ज्याने घेतली नाहीत तो वेडा ठरला आणि पुढच्या वेळी तोच रांगेत पहिला उभा राहिला. असं सगळ्यांचं शहाणपण एकत्र झालं की फळी रिकामी होते, आणि रिकाम्या फळीचा फोटो लगेच पुढच्या गावात पोचतो.

आणि रेमिंग्टन? जुलै 2020 मध्ये, म्हणजे देशभर काडतुसासाठी माणसं वणवण फिरत असताना, या कंपनीने दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. टोप्या बनवणाऱ्या चौघांपैकी ही एक. गिऱ्हाईक दारात उभं, आणि आर्कान्सामधल्या लोनोकचा काडतुसांचा कारखाना कोर्टाच्या लिलावात. फेडरल आणि सीसीआयच्याच मालकाने तो 8 कोटी 14 लाख डॉलरना घेतला. चार नावांचे मालक तीन होते, त्यांचे दोन झाले.