हिरवे करून दाखवले

पनवेलकरांनो, एकदा उभे राहून टाळ्या वाजवा. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला आपला विमानतळ नुसता विमानतळ नाही, ‘ग्रीनफील्ड’ विमानतळ आहे.

हा हिरवेपणा सहजी आलेला नाही. इथे उलव्याचा डोंगर होता, सुमारे नव्वद मीटर उंच, आणि तोही उगाचच. सुरुंग लावून त्याला जमिनीवर आणले. उलवे नदी मनाला येईल तशी वाहायची. तिलाही वळण लावले. दहा गावे उठली, खारफुटीवर भराव पडला. सगळे रीतसर, २०१०च्या पर्यावरण मंजुरीनुसार. पूर्वीची कमळे चिखलात उगवत. आपले टर्मिनलरूपी कमळ चिखल बुजवल्यावर उमलले, हेही नमूद व्हावे.

त्या मानाने कर्नाळा अभयारण्य फारच मागासलेले. तिथे नुसती झाडे. ना प्रमाणपत्र, ना फलक. प्रबळगडाचेही तेच, तो सपाट केला तर तालुका किती हिरवा होईल!

उरला प्रश्न पाणथळीतल्या बगळ्यांचा आणि रोहितांचा. त्यांची सोय आधीच झाली आहे: २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू आहेत. फक्त हातातले सामान सात किलोच्या आत ठेवावे.